वाट राखणारी माणसे

आमच्या संगीतवर्गात पूर्वी शिकत असलेली एक मुलगी लग्नानंतर अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात, राहावयास गेली. परवा तिचा फोन आला तेव्हा सवयीने मी विचारले, "रियाज चालू आहे ना?" चालू आहे म्हणाली, पण शनिवारची सकाळ मात्र वाटेला दिली आहे. दहाबारा माणसे फावडी आणि करवती घेऊन जमतात, चरांत अडकलेला पाला काढतात, आडवी पडलेली झाडे बाजूस करतात आणि आपापल्या घरी जातात. पगार नाही, सत्कार नाही. मला प्रथम हसू आले. एवढ्या संपन्न देशाला वाट झाडण्यासाठी आमची गाणारी मुलगी लागावी! परंतु तिच्याकडून आणि मागाहून वाचनातून जे कळत गेले, ते आपण बडोदेकरांनी मनावर घ्यावे असे आहे.

त्या वाटेचे नाव 'व्हर्जिनिया क्रीपर ट्रेल'. ॲबिंग्डन गावापासून डमॅस्कसवरून व्हाइटटॉप डोंगरापर्यंत ती सुमारे ३४ मैल जाते. मुळात हा लोहमार्ग. १९७७ साली शेवटची गाडी गेली, रूळ उखडले गेले आणि मातीचा बांध तेवढा उरला. त्यावर लोकांसाठी वाट करावी ही कल्पना निघाली तेव्हा लगतच्या अनेक जमीनमालकांचा विरोध होता; तरीही पुढच्या दशकात वाट झाली. आज तिचा खालचा निम्मा भाग दोन गावांच्या मालकीचा आणि वरचा केंद्रीय वनखात्याचा आहे. पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार अशा तिघांनाही ती खुली आहे. तिकडच्या अशा सामाईक वाटांवरचा रिवाज साधा आहे: सायकलवाल्याने दोघांनाही वाट द्यावी, चालणाऱ्याने घोड्याला द्यावी. विलंबित, मध्य आणि द्रुत अशा तिन्ही लयी एकाच वाटेवर नांदावयाच्या तर ज्याची लय द्रुत त्याने अधिक सांभाळावे, हे गाण्याच्या मास्तराला पटण्यासारखेच आहे.

वाटेचा खरा शत्रू पाऊल नव्हे, पाणी. म्हणून डोंगरातली वाट दरीच्या बाजूस किंचित उतरती ठेवतात, म्हणजे पाणी तिच्यावरून आडवे ओसरते. मध्येमध्ये तिरके चर काढतात. हे चर पाल्याने बुजले की पाणी वाटेवरूनच धावू लागते आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. खोदून काढण्यास पाच मिनिटे पुरतात; मात्र तो चर कोठे आहे आणि कधी बुजतो हे ठाऊक असलेला माणूस हवा. असा माणूस त्या वाटेवरून नेहमी जाणाराच असतो. स्वयंसेवकाचे मोल त्याच्या फुकट श्रमांपेक्षा या माहितीत अधिक आहे.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर 'हेलीन' नावाचे वादळ त्या डोंगरांवर कोसळले. व्हाइटटॉपकडून येणाऱ्या ओढ्याला महापूर आला आणि वाटेच्या वरच्या भागातले डझनाहून अधिक पूल वाहून गेले. डमॅस्कस हे हजाराहूनही कमी वस्तीचे गाव. सायकली भाड्याने देणे, गाडीने लोकांना डोंगरमाथ्यावर पोहोचवणे, खाणावळी चालवणे यांवर तेथील अनेक घरांची चूल पेटते. वाट तुटली म्हणजे कमाई तुटली. खालच्या भागातली पडलेली झाडे हटवण्यात स्वयंसेवकांचे हात होते आणि तो भाग पुन्हा वाहता झाला. पुलांपुढे मात्र फावडे चालत नाही. तेथे सरकारी खजिनाच उघडावा लागतो.

येथे दोन गैरसमज संभवतात. सरकार आहे ना, मग लोकांनी कशाला राबावे, हा एक. लोक राबतात ना, मग सरकारने खर्च कशाला करावा, हा दुसरा. आणि तो अधिक घातक. २०२५ साली तेथील केंद्र सरकारने वनखात्यातील आणि राष्ट्रीय उद्यानांतील नोकरवर्गात मोठी कपात केली. स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी नोकर असा अर्थ कोणी काढू लागला, तर लोकसेवेचा तो विपर्यासच होईल. उलट, ज्याने वर्षानुवर्षे वाट राखली, त्याला पुलासाठी मागणी करण्याचा अधिकार अधिक पोहोचतो. कारण तो केवळ तक्रार घेऊन आलेला नसतो. आपला वाटा उचलून आलेला असतो.

आता आपल्या शहराकडे वळू. हेलीनच्या आधी जेमतेम महिनाभर, २०२४ च्या ऑगस्टअखेर, विश्वामित्रीचे पाणी आपल्या घरांत शिरले होते. त्या दिवसांत बडोदेकर माणुसकीला कमी पडले नाहीत. अनोळखी मुलांनी कमरेइतक्या पाण्यातून दूध आणि जेवण पोहोचवले. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे कामही सरकारी यंत्रणेने केले. पण महापुरातली धाव ही मैफल आहे. रियाज कोठे आहे? माझ्या वर्गाच्या वाटेवर एक नाला आहे. त्याच्या तोंडाशी प्लॅस्टिक साचते. मी रोज दोनदा तेथून जातो आणि रोज दोनदा "नगरपालिका झोपली आहे काय?" असे पुटपुटतो. हा माझा कित्येक वर्षांचा क्रम आहे.

या वृत्तीचे मूळ आपल्या वैभवातही आहे. सयाजीरावांनी १८७९ साली कमाटीबाग खुली केली, १८८६ मध्ये गायनशाळा काढली. आपल्याला सगळे सिद्ध मिळाले. चांगली गोष्ट वरून येते आणि वरूनच राखली जाते, असे आपण गृहीत धरले. १ मे १८४९ नव्हे, १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. इतक्या जवळची ही गोष्ट असूनही ती शतकापूर्वीची वाटावी इतके आपण तिला विसरलो.

माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यातील अगदी शेवटच्या फळीतले; मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. राजवाड्यात बैठक असली की जाजम अंथरण्यास हुजरे असत, कलावंताने फक्त येऊन बसावयाचे. पुढे गाणे टिकले ते वर्गणी काढणाऱ्या रसिकांच्या बैठकांतून. अशा एका बैठकीआधी वडील स्वतः सतरंजी झटकत आहेत, असे मी लहानपणी पाहिले आणि लाजेने मान खाली घातली. घरी येताना त्यांना तसे बोलूनही दाखवले. ते एवढेच म्हणाले, "बसायचे आपल्यालाच आहे ना?"

राजाश्रय गेला, लोकाश्रय आला, असे आपण भाषणांतून म्हणतो. लोकाश्रय म्हणजे टाळ्या आणि तिकिटे एवढेच नव्हे. सतरंजी झटकणे हाही लोकाश्रयच. पूल बांधणे सरकारने करावे आणि ते त्याच्याकडून करवून घ्यावे. चर मोकळा ठेवणे आपल्या हातचे आहे.

या रविवारी सकाळचा वर्ग तासभर उशिरा सुरू होईल, असे मी विद्यार्थ्यांना कळवले आहे. एकाने विचारले, फावडे आणायचे का? मी म्हटले, दोन आण.