राजमुकुटातील रत्न आणि बेचाळीसचा चेहरा

पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवरून ग्रॅनडा टेलिव्हिजनने चौदा भागांची 'द ज्युएल इन द क्राऊन' ही मालिका सिद्ध केली. १९८४ च्या जानेवारीत ती इंग्लंडमध्ये सुरू झाली आणि तेथील प्रेक्षकांनी ती अक्षरशः डोक्यावर घेतली. पुढल्याच वर्षी अमेरिकेत तिला एमी पारितोषिक लाभले. स्कॉट मात्र १९७८ मध्येच निवर्तले होते.

या मालिकेमागील परिश्रम नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. भारतात येऊन चित्रण करणे कितपत साधते हे अजमावण्यासाठी ग्रॅनडाने स्कॉट यांचीच 'स्टेइंग ऑन' आधी सिमल्यात चित्रित केली आणि मगच या मोठ्या कामास हात घातला. उदयपूर, म्हैसूर, काश्मीर अशी भ्रमंती झाली. मध्यंतरी मँचेस्टरच्या कोठारास आग लागून वेशभूषा व सामान भस्मसात झाले, तरी काम अडले नाही. टिम पिगॉट-स्मिथ यांनी रंगविलेला पोलीस अधिकारी मेरिक पाहताना तर साम्राज्याच्या पोटातील वर्णद्वेषच समोर येऊन उभा राहतो. एखाद्या इंग्रजाने आपल्याच माणसांचे इतके निर्दय चित्र काढावे, ही गोष्ट लहान नव्हे.

आमची तक्रार निराळी आहे. कथा सुरू होते ती ऑगस्ट १९४२ मध्ये, मायापूर या कल्पित गावी. इंग्लंडात वाढलेला हरी कुमार एका गोऱ्या मुलीवरील अत्याचाराच्या खोट्या संशयावरून कोठडीत जातो, मेरिक त्याचा छळ करतो. तुरुंगातील त्याच्या जबानीनंतर तो पडद्यावरून जवळजवळ नाहीसा होतो आणि उरलेली कथा इंग्रज कुटुंबांच्या दुःखाची होते. कासिम हे काँग्रेसचे पुढारी आहेत खरे. पण ज्या जनतेने 'चले जाव' म्हटले ती धूळ, आरोळ्या आणि दगड एवढ्यापुरतीच दिसते. सलमान रश्दी यांनी त्याच वर्षी या राजप्रेमी चित्रणांचा खरपूस समाचार घेतला होता, तो अनाठायी नव्हता.

बेचाळीसला चेहरे नव्हते काय? साताऱ्याच्या खेड्यांतून पत्री सरकार उभे राहिले. डॉ. राममनोहर लोहिया भूमिगत राहिले, १९४४ मध्ये पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांचे अनन्वित हाल झाले. १९४६ च्या एप्रिलमध्ये सुटका होताच ते विश्रांतीसाठी असोळण्यास डॉ. ज्युलियांव मिनेझिस या मित्राकडे आले, आणि १८ जूनला मडगावात पोर्तुगीजांची बंदी मोडून सभेस उभे राहिले. मेरिकच्या कोठडीचे खरे मूळ शोधणाऱ्यास याहून दुसरे कथानक कशाला हवे?

इंग्रजांनी आपली कथा सांगितली. आपली सांगावयास त्यांनी आपणांस अडविले नव्हते. १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांनी 'तमस' करून दाखविली, तेव्हा हे आपल्या आवाक्यातले आहे हेही सिद्ध झाले. मडगावची ती सभा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. त्यांचे शब्द व चेहरे टिपण्याचे काम पणजीच्या दूरदर्शन केंद्राने आणि राज्य सरकारने याच वर्षी हाती घ्यावे, अशी आमची मागणी आहे.