विद्यार्थ्याचा कॅमेरा आणि गावकुसाबाहेरचा माणूस

महाविद्यालयातील मुलांनी काढलेल्या लघुपटांची दखल कार्यकर्त्याने घ्यावी काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कापसाचा भाव, पिण्याचे पाणी, वनजमिनीचे दावे हे प्रश्न दाराशी उभे असताना दहा-पंधरा मिनिटांच्या चित्रफितीची चर्चा ही चैन वाटावी. परंतु १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जे घडले ते ज्यांना आठवते, त्यांना तसे वाटणार नाही. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना, मुले पळविणारी टोळी समजून, आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने ठेचून मारले. त्या काळात मुले पळविणाऱ्यांच्या अफवा भ्रमणध्वनीवरून गावोगाव पोहोचत होत्या. देशभर फिरणाऱ्या अशा चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीत तयार झालेली, पालकांना सावध करणारी जाहिरात होती. मूळ चित्रात पळविलेले मूल परत आणून दिले जाते व संदेशाचा फलक दाखविला जातो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा पुरावा म्हणून लोकांच्या हाती दिला.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अफवेने ठिणगी टाकली हे खरे. पण ठिणगी पडण्यापूर्वी दारू भरून ठेवलेली होती. अनोळखी, भटका, मळक्या कपड्यांतला माणूस म्हणजे चोर, हे चित्र आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्या चित्रावर सरकारी शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी मनावरचा शिक्का पुसला गेला नाही. खुद्द खानदेशचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. ज्या भिल्लांना इंग्रजी कागदपत्रे लुटारू म्हणत होती, त्यांचीच पलटण औट्रमने १८२५ पासून येथे उभी केली. म्हणजे राज्यकर्त्याच्या सोयीप्रमाणे एकच समाज कधी दरोडेखोर ठरला, तर कधी शिपाई. माणसे तीच होती; चित्र काढणाऱ्याची गरज बदलली होती.

आज चित्र काढण्याचे साधन स्वस्त झाले आहे. जळगाव, धुळ्याच्या महाविद्यालयातला मुलगाही खिशातल्या यंत्रावर चित्रपट काढू शकतो. निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांच्या काही लघुपटांचे परीक्षण करण्याचा योग आला, तेव्हा त्यांतील तळमळ पाहून समाधान वाटले. त्याबरोबर एक गोष्ट सारखी खटकत राहिली. या चित्रांत शेतकरी असतो, पण त्याच्या शेतावर वर्षभर राबणारा सालदार नसतो. पावरा वा भिल्ल समाज असतो तो होळीच्या नाचापुरता. मुसलमान असतो तो एकोप्याचा संदेश देण्यापुरता. आणि अहिराणी बोलणारा माणूस आला की प्रेक्षकाने हसावयाचे, असा जणू संकेतच ठरून गेला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के, धुळे जिल्ह्यात सुमारे ३१ टक्के व जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के आहे. इतक्या मोठ्या समाजाला पडद्यावर केवळ नाचण्याचे काम मिळावे, हा अपघात नव्हे. ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांच्या श्रमावर इतरांचे मळे पिकले, त्यांना नाचताना दाखविणे सोपे असते. राबताना दाखविले की मजुरीचा प्रश्न निघतो. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली ती याच मजुरीच्या व गेलेल्या जमिनींच्या प्रश्नावर. ती लढाई आपल्याच मातीतली. परंतु मी पाहिलेल्या लघुपटांत तिचा मागमूस नव्हता.

यावर कोणी म्हणेल की विद्यार्थी हा शिकाऊ कलावंत आहे, त्याच्यावर समाजशास्त्राचे ओझे लादू नये. या आक्षेपाचे उत्तर एका विद्यार्थ्यानेच दिले आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगरला माध्यमांचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेला, पण घरच्या दारिद्र्याने चोरीच्या वाटेकडे ढकलला जाणारा एक लहान मुलगा हा त्याचा विषय. दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठी असलेला राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. साधने तुटपुंजी होती, पण प्रश्न नेमका होता: चोरी हा जातीचा गुण की परिस्थितीचा परिणाम?

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. वंचित माणसाला चोरी करताना दाखवूच नये, असा काही सद्भावी मंडळींचा आग्रह असतो. मला तो मान्य नाही. गरिबाला देवमाणूस करून दाखविणे हेही खोटेच चित्र होय, आणि अशा चित्राने प्रेक्षकाचे डोळे पाणावतात, उघडत नाहीत. प्रश्न चोरी दाखविण्याचा नसून तिचे कारण दाखविण्याचा आहे. कराचीच्या जाहिरातीचा शेवट कापला तेव्हा तिचा अर्थच फिरला. तसेच कारण कापून केवळ कृत्य दाखविले की लघुपटाची अफवा होते. मंजुळे यांनी पुढे 'फँड्री'त (२०१३) कैकाडी कुटुंबाला डुक्कर पकडताना दाखविले, पण त्याचबरोबर ते काम त्यांच्या गळ्यात कोण बांधते आणि कुंपणापलीकडे उभे राहून कोण हसते, हेही दाखविले. शेवटचा दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो तो त्यामुळेच.

भाषेच्या बाबतीतही आपल्याकडे थोर आधार आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी मुलाने व आप्ताने टिपून ठेवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा खानदेशी बोलीत किती खोल विचार मावू शकतो हे साऱ्या महाराष्ट्राला कळले. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आईच्या बोलीला विनोदापुरते वापरावे, यासारखी विसंगती नाही.

शिरपूरचे समाजवादी कार्यकर्ते शिवाजीराव पाटील यांची कन्या स्मिता पाटील राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढली आणि पुण्याच्या चित्रपट संस्थेत अरुण खोपकरांच्या 'तीव्र मध्यम' या विद्यार्थिपटात तिने काम केले. विद्यार्थ्यांची कला आणि आपली चळवळ यांचे नाते असे जुने आहे. मधल्या काळात आपण ते सैल होऊ दिले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? लघुपटांवर बहिष्कार घालू नये, की त्यांत घोषणा कोंबण्याचा आग्रह धरू नये. आपल्या गावातील महाविद्यालयात असा लघुपट दाखविला जाईल तेव्हा तेथे जावे आणि शांतपणे तीन प्रश्न विचारावेत: यातला माणूस कोणते काम करतो व त्याचा मोबदला कोण देतो? तो स्वतःच्या भाषेत बोलतो काय? आणि ज्यांच्यावर हे चित्र काढले, त्यांच्यापैकी कोणी ते काढण्यात सहभागी होते काय? त्यापुढची पायरी म्हणजे तो लघुपट पाड्यावर, तांड्यावर, भटक्यांच्या पालांवर नेऊन दाखवावा व तेथील माणसांचे म्हणणे विद्यार्थ्यांना ऐकवावे. ज्याचे चित्र काढले त्याच्यासमोर ते मांडण्याची वेळ आली की चित्र काढणारा आपोआप जबाबदार होतो.

राईनपाड्याला मारणारे व मरणारे दोघेही कष्टकरीच होते. एका तळागाळातल्या माणसाला दुसऱ्याचा चेहरा ओळखता आला नाही, कारण तो चेहरा खरा कसा असतो हे त्याला कोणी दाखविलेच नव्हते. ते दाखविण्याचे साधन आज आपल्या मुलांच्या खिशात आहे.