भिंत पेट्रोल अडवते, वाफ नाही

इंधनाच्या मोठ्या टाक्यांभोवती सुरक्षा भिंत असते. गळलेले इंधन ती अडवते. पेट्रोलची वाफ मात्र अडत नाही. हवेपेक्षा तीन-चार पट जड असलेली ही वाफ जमिनीलगत दूरवर पसरते आणि एखादी ठिणगीही तिला पुरते.

जयपूरच्या सीतापुरा इंधन डेपोत २९ ऑक्टोबर २००९ रोजी हेच घडले. सुमारे सव्वा तास पेट्रोल गळत राहिले, मग वाफेच्या ढगाचा स्फोट झाला. ११ जणांचे प्राण गेले. गळती थांबवायची कशी? व्हॉल्व्हजवळचे कर्मचारी वाफेनेच हतबल झाले होते.

यामागचे वैद्यकीय कारण सरळ आहे. दाट वाफ श्वासावाटे रक्तात आणि तिथून मेंदूत पोहोचते. गरगरते, भान हरपते, काही मिनिटांत माणूस कोसळतो. नाकाला रुमाल बांधून उपयोग नसतो. पाठीवर हवेचा सिलिंडरच लागतो. तो नसेल, तर वाचवायला धावणाराही बळी ठरतो.

म्हणूनच जयपूरनंतर लाल समितीने दुरून बंद करता येणाऱ्या व्हॉल्व्हवर भर दिला. पण यंत्र बसवले म्हणजे काम संपले नाही. ब्रिटनमधील बन्सफील्ड येथे २००५ मध्ये टाकीची पातळी दाखवणारे मापक अडकले आणि भरणे थांबवणारा दुसरा स्विचही चालला नाही. टाकी ओसंडली, स्फोट झाला.

पेट्रोलियम नियम, २००२ नुसार टाक्यांना परवाना लागतो. तपासणीत भिंतीची उंची मोजली जावीच. पण दूरचे बटण दाबून व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का, हेही पाहिले जावे.