जबड्याखालची गाठ आणि वेगळं ठेवलेलं ताट

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेले, तेव्हा जेवताना एक गोष्ट खटकली. तिचं ताट वेगळं होतं. पेला वेगळा, टॉवेल वेगळा, आणि ती स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी एकटीच बसलेली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, तिनेच ठरवलं होतं. जबड्याखाली गाठ आली होती आणि "मुलांना लागलं तर?" ही भीती तिच्या मनात बसली होती.

आत्या दिल्लीत राहते, बाडा हिंदूराव भागात. मामांचा गलाईचा व्यवसाय आहे. (आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात.) विटा-खानापूरकडची अनेक कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या या कामासाठी देशभर पसरली आहेत, त्यातलंच हे एक. हिंदूराव हे नावही आपल्याकडचंच बरं का! कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. रिजवरची कोठी आधी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची होती. १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे ती हिंदूरावांकडे आली. आज तिथलं मोठं सरकारी रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

पण आज बोलायचंय ते आत्याच्या गाठीबद्दल. कारण तिचं नेमकं काय झालंय हे कळायला चार महिने गेले. आणि ते ताट तर मुळात वेगळं ठेवायची गरजच नव्हती.

नेमकं काय झालं होतं?

पावसाळ्यात आत्याची किडलेली दाढ काढली. काही आठवड्यांनी त्याच बाजूला जबड्याखाली गाठ आली. फारशी दुखत नव्हती, पण हाताला लाकडासारखी कडक लागायची. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, गाठ थोडी बसली. गोळ्या संपल्या आणि गाठ परत आली. असं तीनदा झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या टीबी असेल. गावाकडून फोनवर कुणीतरी दबक्या आवाजात कॅन्सरचं नाव घेतलं. मग एक दिवस गाठीवरची त्वचा लाल-जांभळी झाली, छोटं तोंड पडलं आणि पू यायला लागला. त्या पुवात रव्याएवढे पिवळे कण होते.

शेवटी एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "दाढ कधी काढली होती?" तिथून निदानाची गाडी रुळावर आली. आजाराचं नाव होतं ॲक्टिनोमायकोसिस.

हा आजार होतो कसा?

नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. ॲक्टिनोमायसिस नावाचे जिवाणू तुमच्या-माझ्या तोंडात आत्ताही असू शकतात. दातांवरच्या थरात, हिरड्यांच्या फटीत, आतड्यात आणि स्त्रियांच्या जननमार्गात ते एरवी मुकाट राहतात. जोपर्यंत आतलं नाजूक अस्तर शाबूत आहे, तोपर्यंत ते काही करत नाहीत.

अस्तराला जखम झाली की त्यांना आत शिरायला वाट मिळते. दाढ काढणं, किडलेला दात, हिरड्यांचा जुना आजार, जबड्याला मार, तोंडातली शस्त्रक्रिया ही त्याची नेहमीची कारणं. या जिवाणूंना ऑक्सिजन मानवत नाही, त्यामुळे खोलवर, इजा झालेल्या मांसात ते आरामात वाढतात. मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा दातांकडे फार दुर्लक्ष झालं असेल, तर धोका वाढतो.

शरीरात हा आजार मुख्यतः या ठिकाणी दिसतो:

- जबडा आणि मान: हा सर्वात जास्त आढळणारा प्रकार.
- छाती: तोंडातली लाळ किंवा स्राव चुकून श्वासनलिकेत गेल्यास.
- पोट: अपेंडिक्स फुटल्यावर किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर.
- ओटीपोट: कॉपर-टी बरीच वर्षं तशीच राहिल्यास. मात्र कॉपर-टी आहे म्हणून घाबरू नका. असं क्वचितच होतं. ती किती वर्षांनी बदलायची ते डॉक्टरांना विचारा आणि ती तारीख लिहून ठेवा.

एकाकडून दुसऱ्याला होतो का?

नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने किंवा शेजारी झोपल्याने हा आजार दुसऱ्याला होत नाही. जिवाणू बाहेरून आलेला नसतो, रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातलाच असतो. गाठीतून पू येत असेल तर ड्रेसिंग झाकलेलं ठेवायचं, हात धुवायचे, एवढी नेहमीची स्वच्छता पुरते.

गायी-बैलांच्या जबड्यावरही याच कुळातल्या जिवाणूमुळे मोठी गाठ येते. पण तो जिवाणू वेगळ्या जातीचा आहे. माणसाला होणारा आजार गोठ्यातून येत नाही. आणि २०२२ मध्ये गाजलेल्या लम्पीशी याचा काहीही संबंध नाही, तो विषाणूचा आजार आहे.

याच नात्यातले आणखी दोन आजार

नोकार्डिओसिस: नोकार्डिया हे जिवाणू मातीत राहतात. धुळीसोबत ते फुप्फुसात जातात किंवा जखमेतून त्वचेत शिरतात. जास्त काळ स्टेरॉइड घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि एचआयव्ही असलेले लोक यांना धोका जास्त. छातीच्या एक्स-रेवर हा आजार टीबीसारखा दिसू शकतो आणि कधी कधी मेंदूपर्यंत पोहोचतो. तोही माणसाकडून माणसाला होत नाही.

मदुरा फूट, म्हणजे मायसेटोमा: अनवाणी शेतात काम करताना काटा घुसतो, विसरला जातो, आणि नंतर पाय हळूहळू सुजत जातो. जागोजागी छिद्रं पडतात, त्यातून दाणेदार स्राव येतो. नाव मदुराईवरून पडलं, पण या आजाराचा सखोल अभ्यास झाला तो आपल्या मुंबईत. डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. 'ग्रेज ॲनाटॉमी' या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रं काढणारे हेच ते कार्टर. मायसेटोमा हे नाव त्यांनीच दिलं आणि १८७४ मध्ये या आजारावर आख्खं पुस्तक लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं ते थेट २०१६ मध्ये.

इथे एक गोष्ट महत्त्वाची. मदुरा फूट जिवाणूमुळेही होतो आणि बुरशीमुळेही. काळे दाणे बहुधा बुरशीचे असतात, लाल दाणे जिवाणूचे, पांढरे-पिवळे दोन्हींपैकी कशाचेही. दोन्हींची औषधं पूर्ण वेगळी. म्हणून दाणे तपासल्याशिवाय उपचार सुरू करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

निदान का चुकतं?

कारण हा आजार सोंगं घेतो. कडक गाठ दिसली की कॅन्सर वाटतो. मानेत गाठ, त्यातून स्राव आला की आपल्या देशात आधी टीबीच आठवतो, आणि ते चूकही नाही. टीबी आपल्याकडे खूप जास्त आहे, त्याची तपासणी व्हायलाच हवी. अडचण होते ती तपासणी न करता नुसत्या अंदाजावर महिनोन्महिने थांबल्यावर.

नावानेही घोळ घातला. ॲक्टिनोमायकोसिसचा शब्दशः अर्थ होतो किरणांसारखी बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली याचे धागे सूर्यकिरणांसारखे पसरलेले दिसतात, म्हणून बराच काळ याला बुरशीच समजत. प्रत्यक्षात तो जिवाणू आहे, त्यामुळे बुरशीच्या औषधांनी जात नाही.

तपासणी कशी होते?

- पू किंवा गाठीचा तुकडा: वरवर कापूस फिरवून घेतलेला नमुना कमी उपयोगाचा. सुईने आतला पू काढणं किंवा बायोप्सी करणं चांगलं.
- पिवळे कण: यांना सल्फर ग्रॅन्यूल म्हणतात. यात गंधक नसतं, नाव फक्त रंगावरून पडलं. हे कण म्हणजे जिवाणूंचे गुंतलेले पुंजके. घरी ड्रेसिंगवर असे कण दिसले तर पुसून टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.
- ग्राम स्टेन आणि सूक्ष्मदर्शक तपासणी: यात फांद्या फुटलेले धागे दिसतात.
- कल्चर: हे ऑक्सिजनशिवाय करावं लागतं आणि जिवाणू सावकाश वाढतो. साधं कल्चर दोन-तीन दिवसांत बंद होतं, याला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागू शकतात. म्हणून डॉक्टरांनी लॅबला संशय आधीच कळवणं गरजेचं.
- सीटी स्कॅन किंवा एमआरआय: आजार किती खोल पसरलाय ते कळतं. मात्र नुसत्या स्कॅनवर किंवा रक्ततपासणीवर निदान पक्कं होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमुना देण्याआधी अँटिबायोटिक घेतलं असेल, तर कल्चरमध्ये जिवाणू सापडण्याची शक्यता खूप कमी होते. आत्याच्या पाच-पाच दिवसांच्या गोळ्यांनी हेच केलं. आजार बरा झाला नाही, फक्त लपला. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. बायोप्सीत ते धागे दिसले म्हणून निदान झालं.

बरा होतो का?

होतो. पेनिसिलिन गटातली साधी, जुनी औषधं यावर चालतात. पण कोर्स लांब असतो. आजार पसरलेला असेल तर साधारण २ ते ६ आठवडे शिरेतून इंजेक्शन आणि त्यानंतर ६ ते १२ महिने गोळ्या असा शिरस्ता आहे. किती दिवस आणि कोणतं औषध, हे डॉक्टरच ठरवतील. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, दुसरी औषधं आहेत. कधी कधी पू काढण्यासाठी छोटी शस्त्रक्रियाही लागते. गाठ दिसेनाशी झाली म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाताना एवढं लक्षात ठेवा

- दोन-तीन आठवड्यांत न गेलेली कोणतीही गाठ दाखवा, दुखत नसली तरी.
- गेल्या काही महिन्यांतली दातांची ट्रीटमेंट, मार, शस्त्रक्रिया आणि कॉपर-टी यांबद्दल न विचारताही सांगा.
- आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.
- "पू किंवा तुकडा कल्चरला आणि बायोप्सीला, दोन्हीकडे पाठवायचा का?" हे नम्रपणे विचारा.
- रोज दोनदा दात घासा, किडलेल्या दाताकडे दुर्लक्ष करू नका. शेतात किंवा मातीत काम करताना पायात काहीतरी घाला.

आत्याच्या गोळ्या अजून सुरू आहेत. मामांनी कॅलेंडरवर रोज खूण करायचं काम हौसेने अंगावर घेतलंय. निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी "हे कुणालाही लागत नाही" असं सांगितलं, तेव्हा म्हणे ती दवाखान्यातच रडली. कॅन्सर नाही म्हणून नव्हे, तर चार महिने नातवाला मांडीवर घेतलं नाही म्हणून.

परवा व्हिडिओ कॉल केला, तेव्हा नातू तिच्याच ताटातला वरणभात खात होता. तुमच्याही घरात कुणी घाबरून स्वतःचं ताट वेगळं केलं असेल, तर आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. नेमकं काय झालंय ते कळू द्या.