पंचेचाळीसचा उंबरठा

गोवंडीच्या बैंगनवाडीत एका खोलीत सहा माणसांमध्ये बसून बी.ए. करणाऱ्या मुलाला ४४ टक्के पडले, तर त्यात नवल ते काय? नवल पुढे आहे. कायद्याच्या सीईटीत त्याने उत्तम गुण मिळवले, तरी एलएल.बी.चे दार त्याला बंदच! २०१६ पासून महाराष्ट्रात प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतात. पण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार खुल्या वर्गाला आधी ४५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ४०.

बँकेत कर्ज देताना आम्ही जुना ताळेबंद पाहत असू; पण धंदा पुढे चालेल का, हे अधिक बारकाईने पाहत असू. बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. १९३५ मध्ये तेच मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

सीईटीही निर्दोष नाही. क्लासची फी भरू शकणाऱ्याला ती सोपी जाते. तरीही तिथे वर आलेल्याला या अटीतून सूट मिळालीच पाहिजे. झोपडी पाडण्याची नोटीस ज्या दारावर लागते, त्या दारातूनच एखादा वकील बाहेर पडू द्या. आणि आईबापांनो, गुणपत्रिका पाहून पोराला मोडीत काढू नका.