एकी कीं बेकी?

लहान मुलांस विषम संख्या ओळखावयास शिकविणें ही गोष्ट इतकी क्षुल्लक आहे कीं, तिजवर मासिकाचीं पृष्ठें खर्चीं घालणें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. ‘ज्या संख्येच्या शेवटीं १, ३, ५, ७ किंवा ९ येतो ती विषम,’ हें वाक्य दहा वेळां म्हणवून घेतलें, वहींत अशा संख्यांभोंवतीं वर्तुळें काढवून घेतलीं, कीं काम संपलें, अशी शिक्षकांची आणि त्यांहूनहि अधिक पालकांची समजूत आहे. आमचें म्हणणें असें कीं, पांच-सहा वर्षांच्या मुलास हें वाक्य सर्वांच्या आधीं सांगणें म्हणजे त्याच्या गणिताच्या रोपास मुळांतच कीड लावणें होय. वाक्य खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें अवेळीं आहे, एवढाच त्याचा दोष. पण तो लहान नव्हे.

कारण हें लक्षण संख्येचें नसून तिच्या लेखनाचें आहे. सात चिंचोके घ्या आणि त्यांच्या जोड्या लावा. तीन जोड्या होतात व एक चिंचोका एकटा उरतो. हा उरलेला एक म्हणजेच विषमपणा. सात हा आंकडा देवनागरींत लिहा, रोमन पद्धतीनें लिहा, किंवा मुळींच लिहूं नका. तो चिंचोका उरावयाचा तो उरतोच. सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं युक्लिडानें केलेली व्याख्या हेंच सांगते: जिचे दोन सारखे भाग होतात ती सम, आणि सम संख्येहून जी एकानें भिन्न ती विषम. शेवटच्या अंकाचा तेथें उल्लेखहि नाहीं. ग्रीकांचें अंकलेखन आमच्यासारखें स्थानावर आधारलेलें नव्हतेंच.

परंतु इतक्या दूर जाण्याचें तरी काय कारण? मुठींत चिंचोके किंवा कवड्या लपवून ‘एकी कीं बेकी?’ म्हणून विचारण्याचा खेळ आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला. मूठ उघडावयाची, दोन-दोन वेगळे काढावयाचे. एक उरला तर एकी, न उरला तर बेकी. ‘बे एकं बे’ मधील ‘बे’ तोच हा. नांवांतच व्याख्या आहे! शाळेनें त्या ठिकाणीं ‘विषम’ आणि ‘सम’ हे भारदस्त शब्द आणले, याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण शब्दाबरोबर चिंचोकेहि घरीं ठेवावयास लावले, याबद्दल मात्र आहे.

कोणी म्हणेल, नियम बरोबर आणि झटपट असतां मुलास आडवळणानें कां न्यावें? याचें उत्तर असें कीं, नियम बरोबर कां, हेंच तर खरें गणित आहे. ३७ मध्यें तीन दहे आहेत. प्रत्येक दह्याच्या पांच जोड्या पुऱ्या लागतात. शेंकडेहि दह्यांचेच बनतात. म्हणून कितीहि मोठी संख्या असो, निकाल एकंच्या घरांतील सुट्या वस्तूंवरच लागतो. जोड्या लावतां लावतां ज्या मुलाच्या हें एके दिवशीं आपण होऊन ध्यानांत येईल, त्यानें एक लहानसा सिद्धान्त शोधून काढिला. तोच सिद्धान्त पहिल्या दिवशीं त्याच्या हातावर ठेवणें म्हणजे त्याच्या शोधाची चोरी करणें आहे.

दोन्ही प्रकारें शिकलेल्या मुलांस विचारून पाहा कीं, दोन विषम संख्यांची बेरीज सम कां होते? जोड्या लावणारें मूल म्हणेल, ‘इकडचा एकटा आणि तिकडचा एकटा मिळून जोडी झाली.’ नियम घोकणाऱ्यास मात्र आणखी एक नियम घोकावा लागेल. शून्य सम कीं विषम, यावर पहिलें सांगेल कीं कोणीच एकटें उरलें नाहीं, म्हणून सम. दुसरें गुरुजींच्या तोंडाकडे पाहील.

आमची भाषाहि पहिल्याच्याच बाजूची आहे. एकोणचाळीस म्हणजे चाळिसास एक उणा. चाळिसाच्या जोड्या पुऱ्या लागतात हें ज्यास ठाऊक, त्यास नांव ऐकतांच कळतें कीं येथें एका जोडीचा सोबती नाहींसा झाला. शेवटचा अंक शोधणाऱ्यास प्रथम ३९ लिहावे लागतात, कारण त्या नांवांत नऊ कोठेंच ऐकूं येत नाहीं. २०१९ सालीं दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत ‘एकवीस’ हें ‘वीस एक’ असें वाचण्याची रीत आली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गदारोळ उठला! संख्यांच्या नांवांसाठीं इतका जीव टाकणाऱ्या समाजानें त्या नांवांत सांठविलेल्या अर्थाकडे इतकें दुर्लक्ष करावें, याचें आम्हांस नवल वाटतें.

साठ मुलांच्या वर्गांत हें कसें साधावें, असा आक्षेप येतो. मुलांना बाहेर नेतांना दोघां-दोघांच्या ओळी लावतातच ना? एक मूल एकटें राहिलें कीं सारा वर्ग विषम संख्या डोळ्यांनीं पाहतो. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतींत मूल अंकाखालीं सोंगट्या दोन-दोन करून मांडतें, उरलेली एक मधोमध ठेवतें, आणि दोन रांगांमधून बोट खालीं नेतें. सम संख्येंत बोट थेट निघून जातें. विषम संख्येंत त्या एकट्या सोंगटीशीं अडतें. १९४५ सालीं बोर्डीस बालवाडी काढणाऱ्या ताराबाई मोडकांनीं भोंवतालच्या साध्या वस्तूंचींच शिक्षणसाधनें केलीं. तेव्हां खर्चाची सबब चालणार नाहीं.

आणि घरांत तर या शिक्षणास सीमाच नाहीं. गणपतीस २१ दूर्वा, आहेराच्या पाकिटांत १०१ रुपये. शंभरांवर हा एक कशाला, असें मूल विचारतें. त्यास ‘गप्प बैस’ म्हणून आपण पाहुण्यांपुढें शंभरापर्यंतच्या विषम संख्या घडाघडा म्हणावयास लावतों, आणि टाळ्या वाजल्या कीं त्याची हुशारी सिद्ध झाली असें मानतों. पुढें तेंच मूल गणितास भिऊं लागलें कीं दोष त्याच्या बुद्धीला. ‘कां’ हा प्रश्न विचारण्याची संवय आम्हींच मोडिली, हें सोयीस्करपणें विसरलें जातें.

तेव्हां वाचकांस आमचें सांगणें एवढेंच. मुलानें सतरा विषम म्हणून सांगितलें, तर शाबासकी देण्यापूर्वीं ‘कशावरून?’ असें विचारावें. ‘शेवटीं सात आहे म्हणून’ असें उत्तर आलें, तर समजावें कीं धडा अजून सुरूच झालेला नाहीं. आणि त्याच्यापुढें मूठभर चिंचोके ओतावे.