शेगड्याचा कैवार

दसऱ्याला ज्या हत्याराला झेंडूची माळ घालायची, त्यालाच वीस दिवसांनी, दिवाळीच्या साफसफाईत, भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायचे, ही आपली हल्लीची रीत झाली आहे. आमच्या गव्हाणात मी हे दरवर्षी पाहतो. दिवाळी अंकात अशी कटकट कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा प्रकार दिवाळीच्याच नावाखाली चालतो, तेव्हा त्याची तक्रारही दिवाळीतच केली पाहिजे.

माझी तक्रार शेगड्यापुरती आहे. ज्यांच्या घराण्यात कोणी फिटर झाला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कामाच्या बाकाला घट्ट बसवलेले दोन लोखंडी जबडे, त्यांतला एक स्थिर व एक सरकता, आणि त्यांना आवळणारा आट्यांचा दांडा, हा शेगडा. कारखान्यात त्याला व्हाइस म्हणतात. करवतणे असो, कानसणे असो की आटे पाडणे असो, वस्तू हलू नये म्हणून ती धरून ठेवायची, एवढेच त्याचे काम. पण त्यामुळे माणसाचे दोन्ही हात मोकळे होतात. आपला जुना कारागीर जमिनीवर बसून, पायाच्या बोटांत वस्तू धरून काम करी. शेगड्याने त्याला उभे केले. आजही आयटीआयमध्ये फिटरच्या पोराचे पहिले महिने शेगड्यापुढे कानस चालवण्यातच जातात. शेगड्याची उंची कोपराइतकी हवी, हा तिथला पहिला धडा.

माझ्याकडचा शेगडा वडिलांचा. ते परळच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्यांच्या वर्कशॉपांतली हत्यारे किलोच्या भावाने निघाली. तशाच एका ढिगातून वडिलांनी हा उचलून आणला. गेल्या पावसाळ्याआधी मी तो साफ करायला घेतला, तेव्हा घरचा भाचा म्हणाला, “मामा, नवा घ्या ना! मोबाइलवरून मागवला तर उद्या दारात येईल.” त्याचे हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवले आहे, कारण मला झगडायचे आहे ते त्याच्याशीच.

खाडीचा खारा वारा लोखंडाला क्षमा करत नाही. आटे गंजून बसले होते. ते आठ दिवस डिझेलमध्ये भिजवले. घाईने हातोडा मारला नाही. शेगड्याचे अंग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. बीड दाबाला पक्के, पण घावाला कच्चे. एकदा तडकले की त्याची जोडणी फार अवघड. म्हणून तर लोहाराचा शेगडा निराळा असतो. तो घडीव लोखंडाचा, आणि त्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत जातो. घणाचा घाव भुई सोसते. मग मी सोड्याच्या पाण्यात विजेच्या बारीक प्रवाहाने गंज काढला, रंगाचे थर उतरवले. खाली अक्षरे निघाली : पार्किन्सन, शिप्ले, इंग्लंड. यॉर्कशरमधल्या या कारखान्याचे ‘परफेक्ट’ शेगडे एके काळी नावाजलेले होते. बाजूची कळ दाबली की अर्धा नट आट्यांवरून सुटतो आणि जबडा हाताने सरळ पुढेमागे सरकतो. दांडा फिरवत बसावे लागत नाही. तसेच शेफिल्डचे ‘रेकॉर्ड’. जबड्यांच्या दातेरी पट्ट्या झिजल्या होत्या, त्या बदलल्या. आट्यांना ग्रीस, अंगाला रंग. एवढा खर्च आणि पंधरा दिवसांच्या संध्याकाळी.

आता माझ्या विरोधकांकडे वळतो. ते दोन जातींचे आहेत. पहिला म्हणतो, जुने लोखंड भट्टीतच जावे; त्यातून नवे लोखंड होते. कबूल. तडकलेला, आटे खाल्लेला शेगडा खुशाल भट्टीत जाऊ द्या. मी काही मढ्याला औषध पाजा म्हणत नाही. पण जे हत्यार पंधरा दिवसांच्या कष्टात आणखी दोन पिढ्या चालेल, ते वितळवणे हा हिशेब नव्हे, आळस आहे. भंगाराच्या काट्यावर फक्त लोखंडाचे वजन होते. त्यातले कौशल्य, आट्यांची चौकट, जबड्यांची समांतरता, यांचे वजन शून्य धरले जाते.

दुसरा विरोधक अधिक धोकादायक, कारण तो गोड बोलतो. त्याला जुने फार आवडते. तो चोरबाजारातून शेगडा घेतो, चकचकीत करून दिवाणखान्यात ठेवतो आणि त्यात पुस्तके आवळून पाहुण्यांना दाखवतो. भंगारवाला निदान प्रामाणिक. त्याच्याकडून लोखंड पुन्हा कामाला तरी लागते. हा मात्र कामाच्या वस्तूला जन्मभर बेकार करून ठेवतो आणि त्याला जतन म्हणतो!

“एका शेगड्यासाठी एवढे रामायण?” असे विचाराल, तर आमच्या भागाकडे पाहा. इंपीरियल गॅझेटिअरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाड्यांची चाके बनवण्याचा उल्लेख आहे, आणि त्या धंद्यात गावच्या दुकानदारांचे पैसे गुंतलेले असत असेही म्हटले आहे. म्हणजे चाक घडवणारा सुतार, धाव चढवणारा लोहार आणि गल्ल्यावरचा वाणी एका धाग्यात होते. तो धागा तुटला. १९७० साली सिडको आली. पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये समुद्रावरचा अटल सेतू, आणि २०२५ मध्ये आमच्या शेजारचे विमानतळ. मी यांपैकी कशाच्याही विरुद्ध लिहीत नाही. पण भातशेती गेली, मिठागरे गेली, त्याबद्दल हाती पैसे आले आणि पुष्कळांचे ते खर्चूनही गेले. जमीन दुसऱ्याच्या नावावर करता येते. हातातली कला तशी करता येत नाही. मग उरलेले जे एकच धन आपले म्हणता येईल, ते आपण आपणहून काट्यावर का चढवावे?

नवा घ्या म्हणणाऱ्या भाच्याला माझे उत्तर हेच. नवा शेगडा वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. चांगला नवा मिळतो आणि नव्या कामगाराने तो जरूर घ्यावा. पण प्रत्येक वस्तूला “नवा घ्या” हेच उत्तर असेल, तर दुरुस्त करणारा हात गावात राहणार नाही. मग पंपाचा वॉशर गेला की पंप नवा, होडीच्या इंजिनाचा एक बोल्ट तुटला की दिवसभर होडी किनाऱ्याला. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ काढले, ते चांगलेच केले. पण हक्क कागदावर मिळाला, तरी दुरुस्ती करायला हात लागतात, आणि हाताला शेगडा लागतो.

माझा शेगडा आता पडवीत बाकावर आहे. वस्तीतली पोरे सायकलचे पेडल, कोयत्याची मूठ, पंपाची कांडी घेऊन येतात. मी त्यांच्या हाती कानस देतो. स्वतः करून देत नाही. पहिल्या दिवशी कानस घसरते, दुसऱ्या दिवशी हात दुखतो, आठव्या दिवशी पोरगा मला सांगतो, “काका, जबड्यात तांब्याची पट्टी घाला, नाहीतर दातांचे वळ उठतील.”

तेव्हा वाचकहो, यंदा माळा झाडताना एखादा गंजका शेगडा, सुताराचा रंधा, आजोबांची कानस हाती लागली, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी आधी दांडा फिरवून पाहा. फिरत नसेल तर तेल घाला आणि आठ दिवस थांबा. त्यानंतरही ती तुमच्या कामाची नसेल, तर ज्याच्या कामाची आहे अशा कारागिराला नाहीतर जवळच्या आयटीआयला द्या.